न्यायासनावरून खाली उतरा

एकाच रचनेची दोन ध्वनिमुद्रणे हाती आली, की त्यांतले श्रेष्ठ कोणते, हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. उत्तर मिळाले की एक ध्वनिमुद्रिका घरात वाजू लागते आणि दुसरी कायमची बाजूला पडते. ही रीत रसिकतेची खूण म्हणून मिरवली जाते. आमच्या मते ती ऐकण्याचे श्रम टाळण्याची पळवाट आहे, आणि म्हणूनच तिला आमचा स्पष्ट विरोध आहे.

या वादातले सर्वांत गाजलेले प्रकरण घेऊ. योहान सेबास्टियन बाख यांची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना १७४१ साली छापली गेली. प्रारंभी एक आरिया, तिच्या खालच्या स्वरांच्या पायावर उभारलेली तीस निरनिराळी रूपे आणि अखेरीस पुन्हा तीच आरिया, असा तिचा घाट आहे. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गोल्ड यांनी ती १९५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केली. १९८१ साली त्याच स्टुडिओत त्यांनी ती पुन्हा वाजवली. पहिले वादन सुमारे ३८ मिनिटांचे, तर दुसरे सुमारे ५१ मिनिटांचे. येथूनच श्रोत्यांमध्ये दोन पक्ष पडले. एकाला तारुण्याची चपळाई हवी, दुसऱ्याला परिपक्वतेचे चिंतन.

या पक्षांचा पहिला साक्षीदार म्हणजे घड्याळ. त्याची साक्ष तपासून पाहू. बाख यांनी रचनेतील प्रत्येक भागाचे दोन खंड केले आणि प्रत्येक खंड दोनदा वाजवण्याची खूण केली. गोल्ड यांनी १९५५ साली सर्व पुनरावृत्ती गाळल्या. १९८१ साली काही राखल्या. म्हणजे वाढलेल्या तेरा मिनिटांतली काही संथपणाची नव्हेत, पुनरावृत्तीची आहेत. रोझालिन ट्युरेक यांचे १९५७ सालचे वादन दीड तासाच्या आसपास चालते. तेथे पुनरावृत्तीही आहेत आणि लयही विलंबित आहे. नुसत्या आकड्यावरून कशाचा वाटा किती, हे कसे कळणार?

आता कानाने ऐकू. गोल्ड यांची आरंभीची आरिया १९५५ साली दोन मिनिटांच्या आत संपते, १९८१ साली ती तीन मिनिटे घेते. येथे संथपणा खरा आहे. परंतु पंचविसावे रूप, जे साऱ्या रचनेतले सर्वांत शोकगंभीर, ते पहिल्या वादनात सुमारे साडेसहा मिनिटे चालते आणि दुसऱ्यात सहाच्या आसपास. वय वाढले तशी लय मंदावली, हे सोयीचे सूत्र नेमके येथेच मोडून पडते.

दुसरा साक्षीदार म्हणजे चरित्र. ४ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नाशी नुकतीच ओलांडली असता, गोल्ड यांचे पक्षाघाताने निधन झाले. दुसरी ध्वनिमुद्रिका तेव्हा नुकतीच प्रसिद्ध झाली होती. तेव्हापासून अनेकांना तीत निरोपाचे स्वर ऐकू येऊ लागले. पण वादन झाले ते १९८१च्या एप्रिल-मे महिन्यांत. वादक तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि मृत्यू जवळजवळ दीड वर्ष दूर होता. आपल्याला ठाऊक असलेली शोककथा आपणच त्या स्वरांवर लादतो आणि मग ती तेथे सापडली म्हणून गहिवरतो.

तिसरा साक्षीदार सर्वांत वजनदार: स्वतः कलावंत. गोल्ड यांनी आपल्या पहिल्या वादनावर पुढे कठोर टीका केली. तरीही आम्ही ते टाकून देणार नाही. मुद्रित झालेले वादन श्रोत्यांच्या स्वाधीन होते; त्यावर वादकाचाही शब्द अखेरचा नसतो.

‘मग सारेच सारखे काय?’ असा आक्षेप आमच्यावर येईल. मुळीच नाही. तुलना अवश्य करावी. मात्र ती रचनेसाठी करावी, विजेता ठरवण्यासाठी नव्हे. पहिल्या वादनात प्रत्येक रूप आपल्याच गतीने धावते, जणू तीस स्वतंत्र चित्रे. दुसऱ्यात गोल्ड एका रूपाची लय पुढच्याशी प्रमाणाने जोडू पाहतात. हे दोन्ही ऐकल्यावर या तीस रूपांना एकत्र बांधणारे काय आहे, हा प्रश्न मनात उभा राहतो. एकच ध्वनिमुद्रिका जपणाऱ्याला तो प्रश्न बहुधा पडतच नाही.

आमच्या घराघरांतून मुले पियानो आणि कीबोर्ड शिकत आहेत. आज भ्रमणध्वनीवर दोन्ही वादने क्षणात मिळतात. ‘सर्वोत्तम कोणते’ याच्या याद्याही त्याच वेगाने मिळतात. ज्या मुलाला ‘हेच खरे’ म्हणून एकच वादन ऐकवले जाते, ते त्याची नक्कल शिकते, रचना शिकत नाही. पालकहो, त्याला दोन ऐकवा, आणि तुमचा निकाल मात्र सांगू नका. त्याला काय ऐकू आले ते विचारा.

बाख यांनी या रचनेच्या मुखपृष्ठावर ती संगीतप्रेमींच्या मनाच्या आल्हादासाठी असल्याचे नमूद केले होते. त्यांनी बोलावले ते प्रेमींना. न्यायाधीशांना नव्हे.