गृहिणींचे हितगुज: प्रदर्शनास जाण्यापूर्वी

भगिनींनो, नगरास बचतगटांचे ‘साईज्योती’ भरो वा विणकाम-भरतकामाच्या साहित्याचे एखादे प्रदर्शन. रंगांची आरास पाहताच आपला हात सैल सुटतो. मागे एकदा सासूबाईंच्या शालीसाठी लोकरीचे दोन गुंडे आम्ही कमी घेतले. पुढे त्याच रंगाचे आणले. पण रंगवण्याची खेप निराळी, म्हणून छटा जुळेना. थंडी सरली, शाल अद्याप पेटीत अर्धीच आहे. यास्तव घरीच माप घेऊन यादी करावी, कापडबाजारात भाव विचारून ठेवावेत आणि वेष्टनावरील खेपेचा क्रमांक पाहून सर्व लोकर एकदमच घ्यावी. हजार रुपये नेल्यास आठशे यादीसाठी, दोनशे मोहासाठी. मोहास जागाच न ठेवणारी गृहिणी अखेर यादीच मोडते!