वीज गेल्यावर माशांचे काय?

रमजान ईद गेली काही वर्षे मार्च-एप्रिलच्या सुमारास येत आहे. ईदीचे पैसे हातात आले की मुलांच्या मनात ज्या वस्तू घोळू लागतात, त्यांत माशांची काचेची टाकी हटकून असते. अम्मी नको म्हणते, नाना हो म्हणतात आणि संध्याकाळी टाकी घरात येते. दुकानदार रंगीत खडे देतो, प्लॅस्टिकची झाडे देतो, निळा दिवा देतो, आपल्याकडच्या उकाड्यात फारसा कामी न येणारा हीटरही गळ्यात मारतो. वीज गेल्यावर चालणारा हवेचा पंप मात्र तो आपणहून क्वचितच दाखवतो. टाकी घरात येते आणि उन्हाळाही सुरू होतो, म्हणजेच वीज जाण्याचे दिवस.

आमच्या वर्गातील मुले नेहमी विचारतात, मासा पाण्यातच राहतो, मग तो पाण्यात गुदमरतो कसा? प्रश्न रास्त आहे. थोडे गणित मांडले की उत्तर सापडते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण 50 लिटर पाणी मावते. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पाणी 30 अंशांवर गेले की तो साडेसातवर येतो. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्या टाकीत मिळून 375 मिलिग्रॅम, अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका लिटरमध्ये सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. दोन लिटरच्या रिकाम्या बाटलीत जेवढा प्राणवायू आहे, तेवढाही त्या अख्ख्या टाकीत नाही. त्यावरच दहा-बारा मासे, फिल्टरमधील जिवाणू आणि तळाशी कुजणारे खाद्य यांचा गुजारा चालतो. पंप चालू असतो तोवर वरचे पाणी हलते, खालचे वर येते आणि हवेतून नवा प्राणवायू मिळत राहतो. वीज गेली की ही ये-जा मंदावते, खर्च मात्र तसाच चालू राहतो.

टाकीत खरी झाडे असतील तर दिवसा उजेडात ती प्राणवायू देतात, पण रात्री तीसुद्धा तो घेतात. म्हणून अशा टाकीत प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. सहरीला उठणाऱ्या घरांनी त्या वेळी टाकीकडे एक नजर टाकावी. मासे पृष्ठभागाला तोंड लावून उघडझाप करत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर टाकीत मासे जास्त झाले आहेत. वीज असताना ही अवस्था असेल, तर वीज गेल्यावर काय होईल ते सांगायला नको. सगळेच मासे मात्र एकसारखे नसतात. फायटर आणि गोरामी वर येऊन थेट हवा घेऊ शकतात, त्यामुळे ते तग धरतात. गोल्डफिश दिसायला गुबगुबीत आणि गरीब, पण त्याला प्राणवायू भरपूर लागतो, आणि मुलांना नेमका तोच हवा असतो.

आता उपायाकडे वळू. वीज गेली की दिवा बंद राहिला तरी माशांचे काही बिघडत नाही. हीटरचेही तेच, कारण एवढे पाणी हळूहळू गार होते. अगदी कडक थंडीच्या गावी टाकीला चादर गुंडाळली तरी रात्र निभावते, फक्त वरची बाजू उघडी ठेवावी. टिकवायची ती एकच गोष्ट, पाण्याची हालचाल. तिला वीज फार थोडी लागते. घरगुती हवेचा पंप 3 ते 5 वॅटचा असतो, हीटर मात्र 100 वॅटचा किंवा त्याहून मोठा. घरात इन्व्हर्टर असेल तर फक्त पंपाचा प्लग त्याच्या लाइनवर घ्यावा आणि हीटर चुकूनही त्यावर राहू देऊ नये, नाहीतर रात्री पंखे लवकर थांबतील आणि दोष माशांवर येईल. जुने स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह देतात. त्यांवर हा पंप जास्त घुरघुरतो आणि तापतो. साइन वेव्ह असेल तर ही फिक्र नाही.

इन्व्हर्टर नसेल तर केवळ माशांसाठी तो घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. यूएसबीवर चालणारा छोटा पंप काही शे रुपयांत मिळतो आणि पॉवर बँक बहुतेक घरांत असतेच. 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे 37 वॅट-तास वीज साठते. वाटेतील नुकसान वजा करून 28-30 धरा. पंप दीड वॅटचा असेल तर अठरा-वीस तास चालेल. एक अडचण मात्र आहे. काही पॉवर बँका एवढा कमी विद्युतप्रवाह जात असला की मोबाइल भरला असे समजून आपोआप बंद होतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी, वीज असतानाच, दोन-तीन तास पंप लावून पाहावा. दुसरा प्रकार आतच बॅटरी असलेल्या पंपाचा. तो एरवी प्लगमध्ये राहतो आणि वीज जाताच स्वतः सुरू होतो. थोडा महाग पडतो, पण घरातील सगळे दिवसभर बाहेर असतील तर हाच घ्यावा.

पंप कोणताही असो, तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. खाली ठेवला तर वीज जाताच नळीतून पाणी उलटे पंपात आणि तिथून जमिनीवर येऊ शकते. वर जागा नसेल तर नळीत एकेरी व्हॉल्व्ह बसवावा. अगदी किरकोळ किमतीची वस्तू आहे.

यातले काहीच हाताशी नसले तर मग आहेच की! टाकीतलेच पाणी मगात घेऊन वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतायचे. पाच मिनिटे ओतायचे, अर्धा तास थांबायचे, पुन्हा ओतायचे. आळीपाळीने हे काम लहान मुलेसुद्धा आनंदाने करतात. त्याआधी हीटर आणि इतर प्लग काढून ठेवावेत, वीज अचानक येते. झाकण उघडे ठेवावे. खाद्य मात्र अजिबात टाकू नये. धडधाकट मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो. न खाल्लेले खाद्य कुजून प्राणवायू संपवते आणि पाण्यात अमोनिया वाढवते. घरातील प्रेमळ दादी-नानींना हे पटवणे सर्वांत कठीण, असा आमचा अनुभव आहे. उकाडा फार असेल तर बर्फ थेट पाण्यात न टाकता बंद बाटलीत भरून थोडा वेळ तरंगत ठेवावा. पाणी एकदम गार होऊ देऊ नये.

फिल्टरकडेही लक्ष हवे. त्यातील स्पंजवर वाढलेले जिवाणू माशांच्या मलमूत्रातील अमोनिया निकामी करतात. त्यांनाही प्राणवायू लागतो, म्हणून बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी काही तास साचले की ते मरू लागतात आणि आतले पाणी सडते. वीज आल्यावर हे पाणी तसेच टाकीत सोडू नये. ते फेकून, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात हलके पिळून मग फिल्टर सुरू करावा. नळाच्या पाण्यात धुऊ नये, त्यातील क्लोरीन उरलेले जिवाणू मारते. पुढचे तीन-चार दिवस खाद्य निम्मे द्यावे.

हे झाले काही तासांचे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड आणि पलीकडे मंडणगड-दापोलीच्या कित्येक गावांत विजेचे खांब आडवे झाले आणि वीज यायला अनेक दिवस लागले. तिथे पॉवर बँक पुरी पडत नाही, ती असलीच तर फोनसाठी लागते आणि लागावीच. अशा वेळी मासे उथळ, पसरट टबात किंवा मोठ्या घमेल्यात, टाकीचेच पाणी घालून सावलीत ठेवावेत. पाणी जितके पसरलेले, तितकी हवा जास्त लागते. रोज थोडे पाणी बदलावे. क्लोरीन नसलेले विहिरीचे पाणी असेल तर उत्तम, मात्र आधी टबाशेजारी ठेवून त्याच तापमानाला येऊ द्यावे. कंटाळून मासे ओढ्यात किंवा तळ्यात सोडून देणे हा उपाय नव्हे. टाक्यांतून असाच सुटलेला सकर मासा आज देशातील अनेक नद्या-तलावांत पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो आहे.

टाकी अजून घ्यायचीच असेल तर उंच आणि अरुंद न घेता लांब आणि पसरट घ्यावी, आणि पाच मासे आवडले तर तीनच आणावेत. उरलेल्या पैशांत पंप येतो. मे महिन्यात कुलूप लावून गावी जाणार असाल तर किल्ली शेजारच्या खालांकडे ठेवा, पंप वीज नसताना चालतो का ते त्यांच्यासमोर एकदा प्लग काढून दाखवा, आणि खाद्याचा डबा सोबत घेऊन जा. एक दिवसाआड टाकायची चिमूट मोजून, कागदाच्या पुड्या बांधून त्यांच्या हाती द्या.