गरोदरपणातला फ्लू : नेरेच्या आरोग्य केंद्रात लस कधी मिळणार?

पावसाळा लागला की नेरे-पनवेल पट्ट्यात घरोघरी खोकला सुरू होतो. घरातली सून गरोदर असेल तर ‘सर्दीच आहे, काढा घे, उतरेल’ असं म्हणून आपण मोकळे होतो. इथेच चूक होते.

गरोदरपणात प्रतिकारशक्तीचं काम बदलतं, हृदयावर ताण वाढतो आणि पोट वाढल्यावर फुफ्फुसांना जागा कमी पडते. त्यामुळे साध्या फ्लूचाही न्यूमोनिया होऊ शकतो, बाळ वेळेआधी जन्मू शकतं. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. त्या साथीत जगभर गर्भवती महिलांना मोठा फटका बसला. म्हणूनच २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लसीसाठी गर्भवतींना सर्वात वरचं प्राधान्य दिलं. महाराष्ट्र सरकारनेही २०१५ मध्ये गर्भवतींना मोफत लस द्यायला सुरुवात केली.

मग अडलं कुठे? राष्ट्रीय लसीकरणात गर्भवतीला धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस मिळते, फ्लूची नाही. खासगी दवाखान्यात तिचे पैसे मोजावे लागतात आणि रोजंदारीवरच्या घरात तो खर्च सगळ्यात आधी टळतो. नेरेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात टीडीसोबतच फ्लूची लसही मिळावी, ही मागणी ग्रामसभेत ठरावाने मांडली पाहिजे.

काहींच्या मनात हलाल-हरामची शंका असते. ब्रिटनमध्ये डुकराच्या जिलेटिनवरून वाद झाला तो नाकात फवारायच्या लसीवरून. ती जिवंत विषाणूची असल्याने गर्भवतीला देतच नाहीत. गर्भवतीला दिली जाते ती निष्क्रिय विषाणूची, इंजेक्शनची लस. आईच्या शरीरात तयार होणारं संरक्षण बाळालाही मिळतं. आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला स्वतःची फ्लूची लस देता येत नाही.

ताप आलाच तर वाट पाहू नये. ऑसेल्टामिवीर हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडतं. सरकारी नियमांनुसार गर्भवतीला ते सुरू करायला घशाच्या तपासणीच्या अहवालाची गरज नाही. धाप लागली, छातीत दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर थेट रुग्णालय गाठावं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीतून एवढी एक सूचना दिली तरी पुष्कळ घरांत ती पोहोचेल. ज्या दीनने गर्भवतीला रोजा पुढे ढकलायची सवलत दिली, त्या दीनच्या माणसांनी तिच्या तापाकडे दुर्लक्ष करणं शोभत नाही.