सुपारी घेणारा दिसतो, देणारा कुठे असतो?



दिवाळीआधीच्या बैठकीत आपल्याच एका गड्याला भर सभेत विचारलं गेलं, "किती सुपारी घेतलंस रे?" विचारणारा मीच. तो काही बोलला नाही. टॉवेल खांद्यावर टाकला आणि उठून गेला. त्यानंतरच्या तीन बैठकांना तो आलेला नाही. तेव्हापासून हा शब्द माझ्या पायात काट्यासारखा मोडून राहिलाय, म्हणून त्याच्यावरच लिहितो.

सुपारी म्हणजे पोफळीचं फळ. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडे माडांच्या सोबतीने पोफळी उभ्या असतात. आपण डोंगरातली माणसं. त्या बागा आपल्या नव्हेत, तिथे आपण मजुरीला जातो. पण गाऱ्हाणं घालायचं झालं तर पानावर सुपारी लागतेच. मूर्ती नसली तर सुपारीचा गणपती मांडतात. बायको हजर नसली तर कनवटीला सुपारी लावून माणूस पूजेला बसतो. लग्न ठरलं की सुपारी फुटली म्हणतात. बँडवाल्याला नाहीतर तमाशावाल्याला विसार देऊन तारीख बांधली की त्याला सुपारी दिली. या सगळ्यात अर्थ एकच, की शब्द दिला, आता मागे फिरणं नाही. आणि हे होतं चार माणसांसमोर. लपूनछपून सुपारी फुटली असं कोणाच्या लग्नात ऐकलंय का?

विड्याचंही तसंच. पान, चुना, कात आणि सुपारी मिळून विडा होतो. त्यातला कात खैराचा. खैर तोडून, उकळून कात काढणारे म्हणून कातकरी हे नावच पडलं. १८७८ चा जंगल कायदा आला, जंगल सरकारचं झालं आणि खैराला हात लावणारा चोर ठरला. लोकांच्या तोंडात विडा रंगतच राहिला, तो रंगवणारा मात्र वीटभट्टीवर गेला. (हा विषय मोठा आहे, त्यावर पुढे कधीतरी.)

अवघड काम अंगावर घेतलं की विडा उचलला म्हणतात. विजापूरच्या दरबारात शिवाजीराजांना धरून आणायचा विडा ठेवला आणि अफझलखानाने तो उचलला, हे पोवाड्यांतून सगळ्यांनी ऐकलंय. खान १६५९ साली प्रतापगडाखाली मारला गेला. पण गोष्ट नीट ऐका. विडा कोणी ठेवला ते सगळ्या दरबाराला माहीत होतं. कोणी उचलला तेही माहीत होतं. शाहिरानेही दोघांची नावं घेतली.

मग मुंबईच्या टोळ्यांनी हा शब्द उचलला. माणूस मारायचे पैसे ठरले, विसार हातात आला, की सुपारी. नव्वदच्या सुमारास पेपरात रोज हाच शब्द. १६ जानेवारी १९९७ ला डॉ. दत्ता सामंतांना पवईत त्यांच्या घराजवळ गोळ्या घातल्या. ते मूळचे आपल्या मालवण तालुक्यातल्या देवबागचे. १९८२ चा गिरणी संप त्यांचा. कोकणातल्या किती घरांच्या चुली त्या संपात विझल्या, ते आपल्या खालच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅसेटवाले गुलशनकुमार गेले. तोवर शाळेतली पोरंसुद्धा एकमेकांना "तुझी सुपारी देतंय" म्हणायला लागली होती.

शब्द तोच राहिला, पण त्यातली एक गोष्ट उलटी झाली. पूर्वी देणारा समोर बसायचा. आता त्याचा पत्ताच नाही, आणि पकडला जातो तो घेणारा.

शंकर गुहा नियोगींचं उदाहरण घ्या. दल्ली-राजहराच्या लोहखाणीतल्या आदिवासी मजुरांना त्यांनी उभं केलं, छत्तीसगड मुक्ती मोर्चा बांधला. भिलाईच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांचा लढा चालू असताना २८ सप्टेंबर १९९१ च्या रात्री, झोपेत असताना, त्यांना खिडकीतून गोळी घातली. खालच्या कोर्टाने १९९७ मध्ये गोळी झाडणाऱ्या पलटन मल्लाहला फाशी दिली आणि उद्योगपतींसकट बाकी पाच जणांना जन्मठेप. पुढच्या वर्षी हायकोर्टाने सगळ्यांनाच सोडलं. २००५ साली सुप्रीम कोर्टाने एकट्या पलटनला पुन्हा दोषी धरून जन्मठेप दिली. बाकीच्यांविरुद्ध पुरावा पुरला नाही. म्हणजे कागदावर आज सुपारी घेणारा आहे आणि देणारा कोणीच नाही. मग त्या पलटनचं नियोगींशी काय वैर होतं? त्याची कुठली जमीन, कुठला कारखाना अडला होता?

बाहेरच्या देशांतही असंच झालेलं दिसतं. इंग्रजीत मारेकऱ्याला असॅसिन म्हणतात. इराणच्या डोंगरात आलमूत किल्ल्यावर इस्माइली पंथाची माणसं होती. त्यांना त्यांचे वैरी हशिशी म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे कोणाला गांजेकस म्हणून हिणवावं तसं. ते स्वतःला तसं म्हणत नव्हते. १२५६ मध्ये मंगोलांनी किल्ला घेतला, माणसं पांगली, शिवी मात्र जगभर राहिली. आपल्याकडे इंग्रजांनी आधी ठग धरले, मग १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ ला गेला. पारध्याच्या पालावर पोलीस अजून त्याच नजरेने येतो.

आता आपल्या गड्याचं. तो एजंटच्या जीपमध्ये बसलेला दिसला, ही गोष्ट खरी. कुंपणाचे खांब पुरायला गेला, तेही खरं. ते कुंपण आपल्या वहिवाटीच्या जमिनीवर पडलं. मला त्याचा राग आला आणि तो अजूनही आहे. पण मी नंतर चौकशी केली. त्याला मिळाली ती खड्ड्यामागे मजुरी, बाजारात चालते तेवढीच. पावसाळा संपून दीड महिना झाला होता आणि हाताला काम नव्हतं. कोणाचं कुंपण, कशाला, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. न विचारणं ही चूक, आणि ती त्याला तोंडावर सांगितली पाहिजे. पण मजुरीला सुपारी म्हणणं ही चूक माझी. आणि त्या दिवशी ज्याने खांब आणले, तार आणली, जीप पाठवली, त्याचं नाव आपल्या सभेत एकदाही निघालं नाही. दोन तास आपण आपल्याच माणसाला सोलत बसलो. एजंटला याहून काय पाहिजे?

अजून एक. त्या गड्याचा बाप वाडीतला सगळ्यात जुना माणूस. वनहक्काच्या दाव्याला वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, नियमातच तसं आहे. त्या जमिनीवर नाचणी कोण पेरायचं, मांगर कुठे होता, फॉरेस्टवाल्यांनी तो कधी मोडला, हे डोळ्यांनी बघितलेला आता तो एकटाच उरलाय. मुलाला सुपारीबाज म्हटल्यावर तो आपल्या कागदावर अंगठा कशाला देईल?

बैठकीच्या वहीत माझं ते वाक्य लिहिलं गेलंय. ते खोडावं आणि खाली माझी सही घ्यावी, असं मी सचिवांना कळवलंय. येत्या बुधवारी बाजार उरकून मी त्याच्या घरी जाणार आहे. पान-सुपारी घेऊन जाईन. सोबत कोणी यायचं असेल तर चारच्या एसटीच्या आधी नाक्यावर भेटा. आणि कुंपण कोणाच्या सांगण्यावरून पडलं, त्या माणसाचं नाव, जीपचा नंबर, तारीख ज्याला माहीत असेल त्याने ते पुढच्या बैठकीत उभं राहून सांगावं. तेही वहीत लिहायचं आहे.