समुद्राचं लाइट बिल

एप्रिलचं लाइट बिल आलं तेव्हा बायको ऑफिसात होती, एवढंच काय ते माझं नशीब. ९,७४० रुपये! घर टू बीएचके, माणसं दोन आणि हॉलमध्ये पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच असा एक समुद्र.

समुद्र माझा आहे. लहानपणी 'फाइंडिंग नीमो' बघून डोक्यात शिरलेला किडा पुण्यात स्वतःचं घर झाल्यावर बाहेर आला. साडेपाचशे लिटर खारं पाणी, मासे आणि जिवंत प्रवाळ. याला म्हणायचं रीफ टँक. ज्यांच्याकडे गोल्डफिशचा बाऊल आहे त्यांना म्हणून सांगतो, प्रवाळ हा प्राणी आहे. पण त्याच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि प्रवाळ त्यावर जगतो. म्हणजे उजेड हवा कडक, पाणी सतत हलतं हवं आणि उन्हाळा असो की थंडी, तापमान एकसारखं हवं. या तिन्ही गोष्टी निसर्ग फुकट देतो. आपल्याला त्या प्लगमधून घ्याव्या लागतात.

टँक यायच्या आधीच्या एप्रिलमध्ये आमचं बिल २५० युनिटचं होतं. या वेळी ६७२. म्हणजे सव्वाचारशे युनिट माशांचे. त्यात त्या महिन्यात माझी दोन पेमेंट यायची होती (फ्रीलान्सरची पेमेंट कायम 'यायची' असतात). संध्याकाळी बायकोने बिल बघितलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"अरे, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, आणि आता माशांचा पण? पुढच्या उन्हाळ्यात हे असंच आलं तर टँक विकायचा. मी भांडत नाहीये, सांगतेय."

ती भांडते तेव्हा टेन्शन नसतं. सांगते तेव्हा असतं.

मी लगेच कामाला लागलो, आणि पहिली गोष्ट जी केली ती सगळ्यात मूर्खपणाची होती. विचार असा केला, की रात्री आपण झोपतो, मासे झोपतात, प्रवाळही मिटतात. मग पंप कशाला फिरायला हवेत? टायमर आणला आणि रात्री अकरा ते सकाळी सात सगळे पंप बंद. हिशेबाने रात्रीचं सव्वा युनिट वाचणार होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बाजीराव तळाशी आडवा पडलेला होता. बाजीराव म्हणजे आमचा पावडर ब्लू टँग. आकाशी निळा, पिवळा पंख, प्रचंड माजोरडा. नाव बायकोनेच ठेवलेलं. बाकीचे मासे वर पाण्याच्या कडेला तोंड काढून हवा गिळत होते. दिवसा उजेड असतो तेव्हा ते शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री ते बंद होतं आणि टँकमधला प्रत्येक जीव, शेवाळासकट, प्राणवायू फक्त घेत राहतो. त्यात कोमट आणि खाऱ्या पाण्यात तो मुळात कमी विरघळतो. तो आत येतो पृष्ठभाग हलता असला तर, आणि पृष्ठभाग हलवतात ते पंप. म्हणजे पंपांची खरी ड्यूटी रात्रीची. पुस्तकात हे लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलेलंही होतं. बायको काही बोलली नाही. तिने डबा भरला आणि ऑफिसला गेली.

त्या रविवारी सासरे आले. बाबा एमएसईबीतून रिटायर झालेले, म्हणजे २००५ मध्ये बोर्डाच्या कंपन्या झाल्या तरी ते एमएसईबीच म्हणतात. त्यांना मासे खाण्यापुरतेच ठाऊक. पण टँकखालचं कपाट उघडून ते जे मांडी घालून बसले, ते चहा गार झाला तरी उठेनात.

"जावईबापू, हा काचेचा दांडा कशाचा?"

"हीटर. थंडीसाठी."

"आज तारीख काय? आणि याचा लाल दिवा का पेटलाय?"

बघतो तर खरंच. हीटर लावलेला २६ अंशावर, चिलर २५ वर. हीटर पाणी तापवतोय, चिलर तेच पाणी गार करतोय, आणि दोघांचे पैसे मी भरतोय. किती महिने, देव जाणे. बाबांनी हीटरचा प्लग काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे भांडण फुकटात मिटलं. आता पुढचं बघू."

पुढचं म्हणजे मोजमाप. प्लगमध्ये लावायचं छोटं वॅटमीटर मिळतं, ते एक दिवस आमच्या हॉलभर फिरलं. (तेही नको असेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून थेट मीटरकडे बघा. लाल दिवा किती वेळा लुकलुकला की एक युनिट, ते मीटरवर छापलेलं असतं.) मेटल हॅलाइडचे दोन दिवे, अडीचशे-अडीचशे वॅटचे, रोज आठ तास, म्हणजे महिन्याला सव्वाशे युनिट. मुख्य पंप १२० वॅटचा, पण चोवीस तास चालू, म्हणजे ८६. लाटा करणारे दोन छोटे पंप मिळून २२, कचरा काढणारा स्किमर आणखी २२. आणि चिलर १६८. मी इतके दिवस दिव्यांवर डोळा ठेवून होतो, कारण ते डोळ्यात जातात. गप्प बसून खाणारा चिलर आणि पंप होता. बाबांचा हिशेब तोंडपाठ आहे, दहा वॅटची कुठलीही वस्तू महिनाभर चालू राहिली की ७.२ युनिट. तुमच्या घरातला वायफाय आणि सेटटॉप बॉक्सही यात बसवून बघा.

पण त्या दिवशी मला खरा झटका बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. बाबांनी चिलरच्या मागे हात धरला. गरम हवा. "ही कुठे जाते?" कपाटात. कपाटातून? हॉलमध्ये. आणि हॉलमध्ये मी दुपारी लॅपटॉप घेऊन बसतो म्हणून एसी चालू.

म्हणजे बघा. पंप पाण्यात बुडालेला, त्यामुळे त्याचा जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन पाण्यात उतरतो. दिव्यांचा बराचसा भागही तसाच. ती उष्णता बाहेर काढायला चिलर वीज खातो. मग ती उष्णता, अधिक स्वतःची, चिलर हॉलमध्ये फेकतो आणि ती बाहेर काढायला एसी वीज खातो. एका वॅटचे पैसे मी तीनदा भरत होतो. वर चिलर कपाटात कोंडलेला, त्यामुळे आपलीच गरम हवा पुन्हा ओढून घेत होता आणि दिवसाला चौदा तास धापा टाकत होता.

याची उलटी बाजू माझ्या फायद्याची होती. एक वॅट कमी केला की तोही तीन ठिकाणी वाचतो. आणि जे युनिट वाचतं ते बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं. आपल्याकडे शंभर, तीनशे, पाचशे असे टप्पे आहेत. वाचलेलं युनिट वरच्या टप्प्यातून कमी होतं, खालच्या नाही. माझ्या त्या बिलात वरच्या टप्प्यातलं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटच्या जवळपास तिप्पट पडत होतं.

मग फुकटची कामं आधी केली. चिलर कपाटातून काढून बाल्कनीत नेला, सावलीत, पावसाचं पाणी लागणार नाही असा. पाइप लांबला, म्हणून एसीवाल्याकडून त्यावर चढवायचा काळा फोम आणला. तेवढ्यानेच त्याचे चौदा तास दहावर आले. दुसरं, चिलर २५ वरून २७ वर नेला. हे मी घाबरत घाबरत केलं, तीन आठवडे लावून. बऱ्याच उष्ण कटिबंधातल्या प्रवाळांना २७ अंश नवीन नाही. त्यांना मारतं ते नेहमीच्या उन्हाळ्याच्या वर चढलेलं आणि आठवडेच्या आठवडे टिकलेलं पाणी. लक्षद्वीपला २०२४ मध्ये तेच झालं, प्रवाळांनी आतलं शेवाळ बाहेर टाकलं आणि ते पांढरे पडले. त्यामुळे चिलरच बंद करून टाका असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हीटर आता थंडीत २४ वर. दोघांच्या मधे तीन अंशांचं अंतर, कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. शिवाय डिसेंबरात पंपाची तीच उष्णता कामाला येते, हीटर क्वचितच लागतो.

त्यानंतर पंखे. कॉम्प्युटरमध्ये असतात तसे दोन, पाण्यावर तिरके मारणारे. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण ०.६७ युनिट इतकी उष्णता सोबत नेतं, आणि पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये माझ्या टँकमधून दिवसाला पाच-सहा लिटर पाणी उडतं. माठाचं तत्त्व आहे, नवीन काही नाही. फक्त उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज वरून घालायचं ते आरओचं गोडं पाणी, खारं नाही. मुंबईकर मित्राने हा फंडा ऐकून जूनमध्ये पंखे लावले आणि मला शिव्या घातल्या. दमट हवेत पाणी उडत नाही बॉस, तिथे चिलरला पर्याय नाही.

पैसे लागले ते दोनच गोष्टींना. मुख्य पंप बदलून डीसी मोटरचा घेतला, तो ५० वॅटवर चालतो. लावताना पाइपमधले तीनपैकी दोन एल्बो काढून टाकले, कारण पंपाची निम्मी ताकद वळणं घेण्यातच जात होती. आणि हॅलाइड काढून एलईडी. इथे एक गोष्ट घाई न करता करावी लागते. एलईडी लावला आणि लगेच शंभर टक्क्यांवर ठेवला की प्रवाळ भाजतात. मी तीस टक्क्यांपासून सुरू केलं आणि सहा आठवड्यांनी साठवर थांबलो. त्याच्या पुढे गेलोच नाही.

जायची गरजही नव्हती, कारण माझ्याकडे मश्रूम आणि झोअँथिड आहेत, कमी उजेडात खूष राहणारे. फांद्याफांद्यांचे कडक प्रवाळ फोटोत सॉलिड दिसतात, पण त्यांना याच्या कितीतरी पट उजेड लागतो. टँकचं बिल ठरतं ते तुम्ही दुकानातून काय उचलता तिथेच. आणि कडक प्रवाळांचं बिल फक्त विजेचं नसतं. आपल्या समुद्रातले रीफ बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. परदेशी असले तरी साइट्स करारातल्या प्राण्यांची २०२२ च्या दुरुस्तीनुसार नोंदणी करावी लागते. दुकानदार 'इम्पोर्टेड आहे साहेब' म्हणाला की कागद मागा. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही प्रवाळ आहेत, कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये ते उचलून दुसरीकडे लावावे लागले होते. ते तिथेच छान आहेत.

लाटांच्या पंपांना आणि स्किमरला मी हात लावलेला नाही. तिथे वाचवण्यासारखे चाळीसेक युनिट आहेत, पण ते मला नकोत.

या एप्रिलचं बिल मागच्या आठवड्यात आलं. ४२१ युनिट, ५,२९० रुपये. ते मी बायकोच्या हातात दिलं. तिने चष्मा काढला नाही. निम्मं झालेलं नाही हे तिने बरोबर हेरलं, आणि एलईडीच्या पैशांचं काय हेही विचारलं. ते फिटायला अजून वर्ष तरी जाईल, हे मी खरंखरं सांगितलं. मग तिने बिल फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. विकण्याचा विषय निघाला नाही.

गुरुवारी नेहमीप्रमाणे मेंटेनन्ससाठी लाइट गेले. एका लाटेच्या पंपाला मी आता बॅटरी जोडली आहे, वीज गेली की तो आपोआप त्यावर जातो. बाबा आलेले होते. अंधारलेल्या हॉलमध्ये तो एकटा पंप घरघरत होता आणि वरचं पाणी हलत होतं.

"हा किती वॅटचा?" त्यांनी विचारलं.

"पंधरा."

"असू दे," म्हणाले आणि खुर्ची ओढून टँकसमोर बसले.