जिद्द आणि जामीन

हॅरी ट्रिगुबॉफ यांची कहाणी ठाऊक असेलच. चीनमध्ये जन्मलेला रशियन ज्यू मुलगा वस्त्र-अभियंता होतो, ऑस्ट्रेलियात टॅक्सी, दुधाचा रतीब असे धंदे करतो, १९६३ मध्ये सिडनीत आठ सदनिकांची इमारत बांधतो आणि पुढे देशातला बडा बिल्डर होतो. त्यांचे कष्ट खरेच. पण त्या वेळी तिथल्या केंद्र सरकारच्या नोकरीत विवाहित बाईला कायम राहता येत नसे. ती बंदी १९६६ मध्ये उठली. कर्ज मागणाऱ्या बाईकडे बँका सर्रास पुरुष जामीन मागत, त्याला चाप लावणारा कायदा १९८४ चा. मग परदेशातून आलेल्या एखाद्या अभियंता बाईने (तेव्हा होत्या तरी किती!) पहिला प्लॉट कुणाच्या सहीवर घेतला असता? आमच्या वस्तीतल्या बायांनाही कर्जाच्या खिडकीवर अजून पहिला प्रश्न येतो, "मालक आलेत का?"