सहा महिन्यांची टोचणी आणि तीन वर्षांचा उशीर

एचआयव्हीच्या जनुकीय द्रव्याभोवती शंकूच्या आकाराचे प्रथिनकवच असते. सुमारे २५० षट्कोनी आणि नेमके १२ पंचकोनी घटक जुळून ते बंद होते. फुटबॉलवरचे पंचकोनही बाराच. भूमितीला तिथे दुसरा मार्ग नाही. लेनाकापाविर हे औषध या घटकांच्या सांध्यांत जाऊन बसते, त्यामुळे कवच हवे तेव्हा उलगडत नाही आणि नव्या कवचांची जुळणीही बिघडते. औषध पाण्यात जेमतेम विरघळते. रोजच्या गोळीसाठी हा दोष ठरला असता. त्वचेखाली टोचल्यावर मात्र त्याचाच उपयोग होतो, कारण साठा सहा महिने हळूहळू झिरपत राहतो.

दक्षिण आफ्रिका आणि युगांडात १६ ते २५ वयाच्या ज्या २,१३४ मुलींना व तरुणींना हे इंजेक्शन दिले गेले, त्यांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. हा निष्कर्ष २०२४ चा. अमेरिकेत या औषधाची वार्षिक किंमत २८,००० डॉलरहून अधिक आहे. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या कंपन्या २०२७ पासून ते १२० देशांसाठी सुमारे ४० डॉलरला देणार आहेत.

हे यश मोठेच आहे. पण २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केला तेव्हाही जगाने भारताकडे कौतुकाने पाहिले होते. भारतात मात्र मोफत सरकारी उपचार सुरू व्हायला एप्रिल २००४ उजाडला. देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. प्रतिबंधक औषधांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे ‘नॅको’ने २०२२ मध्येच काढली. तत्त्वे आहेत, कारखाने आहेत. आता खरेदीची तरतूद आणि वेळापत्रक हवे.

शिवाय हे औषध खंड सहन करत नाही. पुढची टोचणी चुकली तर शरीरातील मात्रा महिनोन्‌महिने उतरत राहते, आणि त्या काळात संसर्ग झाल्यास औषधाला न जुमानणारा विषाणू फोफावू शकतो. म्हणूनच २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली, ती गोष्ट केवळ हिशेबाची नव्हती. परक्या देणगीवर अशी साखळी उभी करणे धोक्याचे आहे. ‘नॅको’ने २०२७ पूर्वी हेही ठरवायला हवे की सुरतेत यंत्रमागावर काम करताना पहिली टोचणी घेतलेला ओडिशातील गंजामचा कामगार गावी परतला, तर त्याची दुसरी टोचणी कोणत्या केंद्राने, कोणत्या नोंदीच्या आधारे द्यायची.